छोटे अनुदान आणि दिव्यांग प्रेक्षक: कलासंस्थांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिव्यांग प्रेक्षक आणि कलावंत कार्यक्रमापर्यंत पोचावेत, यासाठी कलासंस्थांनी पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंतचे छोटे अनुदान कसे मिळवावे आणि ते कुठे खर्चावे, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यसंस्थेला एका कंपनीकडून एक लाख रुपये मिळण्याची शक्यता आहे. त्यात सरळ रॅम्प बांधावा, असा कार्यकारिणीचा कल आहे. योग्य होईल का? (परभणी)

उत्तर: रॅम्प लागेलही, पण पहिला खर्च तोच असेल असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. रॅम्पचा उपयोग त्यांतल्या काहींनाच होतो. कर्णबधिर माणूस पायऱ्या सहज चढतो, आत येऊन बसतो आणि दोन तास नुसते हलणारे ओठ बघतो. त्याच्यासाठी काय केले, हेही अर्जात दिसायला हवे.

म्हणून आधी पाहणी करा. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, कुबडीवर चालणारी एक, एक अंध, एक कर्णबधिर (सोबत सांकेतिक भाषा जाणणारे कुणी) आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे पालक, एवढ्यांना बोलवा. जाहिरात हाती पडल्यापासून रिक्षा, फाटक, तिकीट खिडकी, खुर्ची, स्वच्छतागृह आणि परत घर, हा सगळा फेरा त्यांना करू द्या. तुम्ही वही आणि मोजपट्टी घेऊन सोबत चाला. या कामाचे मानधन आणि रिक्षाभाडे अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा. अनुभवाचा सल्ला फुकट मागणे बरोबर नाही.

बिनपैशाच्या अडचणी इथेच ढिगाने निघतात. फाटकाचे एकच दार उघडे, दुसऱ्याला कुलूप. रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्यांची रांग. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात मोडक्या खुर्च्या आणि जुने बॅनर. प्रेक्षागृहात व्हीलचेअर शिरते, पण थांबवायला जागा नसल्याने ती येण्याजाण्याच्या वाटेत उभी राहते आणि दर पाच मिनिटांनी तिला सरकवावे लागते. रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्यांचे बोल्ट काढले की ९० सेंमी रुंदी मिळते. खोली मात्र १२० सेंमी लागते, म्हणून जिच्या मागे मोकळी वाट आहे अशीच रांग निवडा आणि शेजारची एक खुर्ची सोबत्यासाठी ठेवा.

एक लाखाचे आमचे ढोबळ वाटप असे: पाहणी व मानधन दहा हजार, इमारतीतल्या दुरुस्त्या चाळीस, सांकेतिक भाषेचे दुभाषी व शीर्षके (पडद्यावर दाखवायचे संवाद) तीस, वाहन आणि निरोप पोचवणे दहा, देखभाल दहा. देखभालीचे दहा हजार काही जण अर्जातून गाळतात आणि वर्षभरात उपकरणे कपाटात जातात.

प्रश्न: जोते दीड फूट उंच आहे. मिस्त्री म्हणतो सहा फुटांत रॅम्प बसवून देतो. बसवून घ्यावा का? (जालना)

उत्तर: नको. सहा फुटांत दीड फूट म्हणजे १:४ चा चढ. दुचाकी चढवायला तो ठीक, पण व्हीलचेअर त्यावर मागे कलंडते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. साधे गणित लक्षात ठेवा: जोत्याची उंची गुणिले बारा. दीड फुटाला अठरा फूट उतार. रुंदी किमान ४ फूट, वर आणि खाली ५ बाय ५ फुटांची सपाट जागा. अंगण आखूड असेल तर रॅम्प भिंतीला लावून काटकोनात वळवा, वळणावर तेवढीच सपाट जागा ठेवा.

आता मालाचा हिशेब. १८ बाय ४ फुटांच्या उताराला फक्त भरावाचा मुरूम ५४ घनफूट लागतो. पण आपल्याकडे खाली काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट भराव टाकला की इमारत जागेवर राहते आणि रॅम्प वर-खाली होतो. दोन पावसाळ्यांत दोघांच्या सांध्यावर इंचभर पायरी तयार होते, आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाके नेमकी तिथे अडतात. म्हणून दोन फूट काळी माती काढून टाका. तिच्या जागी आणखी १४४ घनफूट मुरूम येईल. दबल्यावर मुरूम बसतो, त्यामुळे पाव हिस्सा वाढवून एकूण अडीच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. सगळा एकदम ओतून वरून चोपला तर आतला भाग सैलच राहतो.

वर चार इंचांचे १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, साधारण २४ घनफूट, सिमेंटच्या पाच गोण्या. बाजूच्या भिंती, वरखालची सपाट जागा आणि कठडे यांचा माल वेगळा धरा. इमारत आणि रॅम्प एकजीव करू नका. सांधा ठेवा आणि त्यावर एकाच बाजूने ठोकलेली लोखंडी पट्टी टाका, म्हणजे हालचाल झाली तरी चाक अडणार नाही. पृष्ठभागावर ओले असतानाच झाडू मारून खरबरीतपणा आणा. वर घोटलेली शहाबादी किंवा चकचकीत टाइल अजिबात नको, पहिल्या सरीतच कुबडी निसटते.

दोन्ही बाजूंना दीड इंची पाइपचे कठडे, एक ९० सेंमीवर, दुसरा ७० सेंमीवर. खालचा मुलांना आणि व्हीलचेअरवरून धरणाऱ्यांना लागतो. पाइप उताराच्या दोन्ही टोकांपुढे एक फूट नेऊन वळवा, तुटके टोक अंगात घुसते. उताराच्या उघड्या कडेला तीन-चार इंचांचा उंचवटा हवाच, नाहीतर चाक कडेवरून खाली जाते.

प्रश्न: आमची एक नर्तिका व्हीलचेअरवर आहे. रंगमंच तीन फूट उंच. दरवेळी चौघे खुर्ची उचलून वर ठेवतात. (लातूर)

उत्तर: हे आजच थांबवा. घडीच्या खुर्चीचे हात आणि पायठेवणे निसटतात, उचलणाऱ्याचा पाय चुकला तर कलावंत तोंडावर पडते. शिवाय प्रयोगाआधी दर वेळी कुणाच्या तरी हातांवर अवलंबून वर जाणे हे कलावंताच्या मानाला शोभणारे नाही.

तीन फुटांना ३६ फूट उतार लागेल, आणि ७५ सेंमी चढानंतर विसाव्याची पाच फूट सपाट जागा, म्हणजे ४१ फूट. विंगेत हे मावत नाही. सामान उतरवायचा मागचा दरवाजा रंगमंचाच्या पातळीवर असेल तर उतार बाहेरून त्या दाराला जोडा. मागे जागा नसेल तर तो प्रयोग जमिनीवर, प्रेक्षकांच्या तीन बाजूंच्या बैठकीत करा. लिफ्टचा मोह छोट्या अनुदानात धरू नका. यंत्र एखाद वेळी मिळेल, पण दरवर्षीची देखभाल आणि भर प्रयोगात वीज गेली तर काय, याची सोय त्या पैशात होत नाही. रंगपटही पाहा: आरसा बसून दिसतो का, दार ९० सेंमी उघडते का.

प्रश्न: नाट्यगृह नगरपरिषदेचे आहे. आम्ही भाड्याने घेतो. त्यात आमचा निधी घालावा का? (हिंगोली, बीड)

उत्तर: दुसऱ्याच्या भिंतीत आपला निधी गाडू नका. लेखी ना हरकत पत्राशिवाय केलेला खर्च लेखापरीक्षणात अडकतो, आणि नाट्यगृहाचे नूतनीकरण निघाले की आधी तुमचेच काम तोडले जाते. तुमचा पैसा उचलून नेता येईल अशा वस्तूंवर आणि माणसांवर लावा: जोडून लावायचे ॲल्युमिनियमचे उतार, ऐकण्याचे संच, दुभाषी.

इमारतीसाठी मालकाकडे मागणी करा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४५ नुसार अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगमतेची किमान मानके बंधनकारक हवीत, असे स्पष्ट केले आहे. मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या पत्राला पाहणीची मापे आणि फोटो जोडा. 'सोय करावी' एवढेच लिहिले तर काही हलत नाही. 'पूर्वेच्या दाराचा उंबरा चार इंच, स्वच्छतागृहाचे दार ६५ सेंमी' असे लिहिले तर अभियंत्याला अंदाजपत्रक करता येते. दाद मिळाली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

स्वच्छतागृहाबद्दल एक खास सूचना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाक्या कोरड्या असतात. मग लोक २०० लिटरचा पिंप नेमका आत, मोकळ्या जागेत ठेवतात आणि दीड मीटरचा वळायचा घेर संपतो. पिंप बाहेर ठेवा आणि नळ भिंतीतून आत घ्या, बसून हात पोचेल अशा उंचीवर. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

प्रश्न: कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दुभाषी ठेवावा की पडद्यावर संवाद दाखवावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: शक्यतो दोन्ही, कारण हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्या आजी-आजोबांना मराठी वाचता येते, सांकेतिक भाषा येत नाही. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या तरुणाला मात्र झरझर सरकणारे लिखित मराठी जड जाते.

शीर्षकांना खर्च कमी, कष्ट जास्त. दोन तासांच्या नाटकाला, सरासरी सहा सेकंदांना एक धरली, तर बाराशे स्लाइड होतात. काळी पार्श्वभूमी, पांढरी ठळक युनिकोड अक्षरे, एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसच्या आसपास अक्षरे. बोलणाऱ्याचे नाव आणि 'दारावर थाप', 'दूरवर हलगी' असे आवाजही लिहा. विनोदाचा प्रश्न आणि उत्तर एका स्लाइडवर कधीही ठेवू नका, नटाने तोंड उघडण्याआधी अर्धे सभागृह हसते. नट पदरचे बोलला किंवा दोन वाक्ये गाळली, तर चालवणाऱ्याला पुढचा धागा पकडता आला पाहिजे. त्यामुळे तालमींना बसलेलाच माणूस तिथे हवा. प्रवेशागणिक एक कोरी काळी स्लाइड ठेवा, हरवला तर तिथे जाऊन थांबेल. फाइल पीडीएफ करूनच न्या. नाट्यगृहाच्या संगणकात तो फाँट नसला की जोडाक्षरे फुटतात आणि ते पहिला अंक सुरू झाल्यावर कळते. पडदा रंगमंचाच्या कडेला, नटांच्या डोक्यापेक्षा फार वर नको. मान वर-खाली करत नाटक बघता येत नाही.

दुभाषी मिळवताना कर्णबधिर शाळेतले शिक्षक आणि प्रशिक्षित दुभाषी यांत गल्लत करू नका. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषांसाठी वेगळा पदविका अभ्यासक्रम आहे. मुंबईतील अली यावर जंग संस्था आणि दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र येथे तो चालतो. पूर्ण लांबीच्या नाटकाला दोघे लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. हात आणि मेंदू दोन्ही थकतात, आणि थकलेल्या दुभाष्याचे पहिले नुकसान अर्थाचे होते. संहिता किमान दोन आठवडे आधी द्या. मानधनात तयारीचे दिवस, प्रवास आणि मुक्काम धरा. दुभाष्यावर स्वतंत्र, स्थिर दिवा ठेवा. 'अंधार' या सूचनेत प्रकाशयोजनाकार सवयीने तोही दिवा घालवतो, म्हणून त्या दिव्याचे बटण नियंत्रणातून वेगळे काढा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीत तारेचे वेटोळे टाकून थेट यंत्रात आवाज सोडण्याची सोय असते, पण श्रवणयंत्रात 'टी' खटका असला तरच ती चालते. छोट्या आकाराच्या अनेक यंत्रांत तो नसतो. आधी तुमच्या प्रेक्षकांना विचारा, मगच पैसे घाला.

प्रश्न: अंध प्रेक्षकांसाठी कमी खर्चात काय करता येईल? (नांदेड)

उत्तर: जवळजवळ काहीच न खर्चता करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे स्पर्श-ओळख. प्रयोगाच्या एक तास आधी त्यांना रंगमंचावर न्या. दारापासून पलंगापर्यंत किती पावले, ते त्यांना चालून मोजू द्या. पगडी, तलवार, साडीचा काठ, तुळशीवृंदावन हाताळू द्या. नटांनी आपापल्या पात्राच्या आवाजात दोन-दोन वाक्ये बोलावीत, म्हणजे पुढे आवाज ओळखू येतात. अर्धा तास पुरतो.

पैसा असेल तर दृश्यवर्णन. एक निवेदक संवादांमधल्या फटीत सांगतो: 'ती चिठ्ठी फाडते. मागे सासरा उभा.' संवादावर बोलायचे नाही, भावना सांगायच्या नाहीत, फक्त दिसते ते. 'ती दुःखी होते' असे न म्हणता 'ती पदर तोंडात धरते' म्हणा. पोचवण्यासाठी पर्यटक मार्गदर्शक वापरतात तसा बिनतारी संच घ्या: एक माइक आणि दहा-पंधरा कानयंत्रे. इअरफोन एकाच कानाचा हवा, दुसऱ्या कानाने रंगमंच ऐकायचा असतो. मोबाइलवर समूह-कॉल करून काम भागवण्याचा प्रयत्न होतो, पण आवाज एक-दोन सेकंद मागे पडतो आणि वर्णन पुढच्या संवादावर आदळते. स्वतःचा एफएम प्रक्षेपक लावायला परवाना लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: आमची निमंत्रणपत्रिका अंध मित्रांच्या मोबाइलवर वाचली जात नाही. (अंबाजोगाई)

उत्तर: कारण ती चित्र आहे. वाचक-सॉफ्टवेअरला चित्रातली अक्षरे विश्वासाने वाचता येत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली पीडीएफही चालत नाही: डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे असतात आणि मोबाइल तीच बडबडतो. पत्रिका छान छापा, पण व्हॉट्सॲपवर तिच्याखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवा. त्यात तारीख, वेळ, पायऱ्या किती, रॅम्प कोणत्या फाटकाला, दुभाषी आहे का आणि मदतीसाठी कुणाला फोन करायचा, एवढे हवे. याला अनुदान लागत नाही, आजपासून करा.

प्रश्न: आम्ही गोंधळ आणि भारूड करतो. गावात मैदानावर मांडव असतो, सभागृहच नाही. आम्हाला हे लागू होते का? (परभणी, धाराशिव)

उत्तर: तुम्हाला जास्त लागू होते, कारण तुमचे प्रेक्षक कितीतरी अधिक. काळ्या रानात व्हीलचेअरची चाके रुततात. रस्त्यापासून बैठकीपर्यंत ८ बाय ४ फुटांचे जाड प्लायवूड लांबीत टाका. दहा पत्रे म्हणजे ८० फूट वाट. सांध्यांखाली पट्टी ठोकून जोडा, नाहीतर एक टोक वर उचलते. मांडवाच्या तणाव्यांना छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर पिवळ्या चिंध्या बांधा. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीला जमिनीवरची खुंटी कळते, तोंडासमोरचा दोर कळत नाही. वायरी वाटेखालून चार इंच पुरून न्या.

बैठकीचाही विचार करा. सतरंजीवर बसलेल्यांच्या मधोमध व्हीलचेअर आली तर मागचे कुरकुरतात आणि पुढच्या वेळी ती व्यक्ती येत नाही. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना जागा आखा. बायका-पुरुष वेगळे बसतात तिथे व्हीलचेअरवरच्या बाईला सोबत भाऊ असतो की नवरा, हे न विचारता दोघांना एकत्र बसता येईल असा एक पट्टा राखून ठेवा.

प्रश्न: अर्ज कुणाकडे, कागद कोणते? (धाराशिव, लातूर, जालना)

उत्तर: कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हा जवळचा मार्ग. वाळूज-शेंद्र्यातले कारखाने, जालन्यातले लोखंड उद्योग यांपैकी जे कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतात, त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात, आणि कला-संस्कृती हा विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत कार्यक्रम व निर्मितीसाठी साधारण पाच लाखांपर्यंतचे अनुदान आहे. तिथे एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. त्या अर्जात दुभाषी, शीर्षके हा निर्मितीचाच खर्च म्हणून दाखवा, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २९ चा उल्लेख करा: सांस्कृतिक जीवनातला दिव्यांगांचा हक्क त्यात आहे.

बहुतेक अर्ज अडतात ते धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षे राहिलेला असतो, आणि अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव नोंदीत नसते. अर्जाच्या आधी सहा महिने हे काम हाती घ्या. परदेशी पैसा मात्र विदेशी योगदान कायद्याच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, ओळखीतल्या माणसाने दिला तरी.

प्रत्येक वस्तूची तीन दरपत्रके, जीएसटीसह. 'दिव्यांग सुविधा: १,००,०००' अशी एकच ओळ लिहिली तर अर्ज बाजूला पडतो. उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालांकडून घ्यावे लागेल, त्यामुळे या निधीचे खाते वहीत पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा आणि प्रत्येक बिलावर निधीचे नाव लिहा.

प्रश्न: सगळे केले, पण दिव्यांग प्रेक्षक तिघेच आले. अहवालात काय लिहावे? (बीड)

उत्तर: तीन लिहा, आणि का ते लिहा. रात्री नऊचा प्रयोग बाराला सुटतो, तेव्हा तालुक्याला जाणारी एसटी नसते. बाकीचे लोक कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जातात. व्हीलचेअर असलेल्याला ते जमत नाही. पुढचा प्रयोग रविवारी दुपारी चारला ठेवा. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर न टाकता दिव्यांग शाळा, संघटना आणि पालकांना फोन करा, आणि तेही पंधरा दिवस आधी, कारण त्यांना सोबतीला माणूस शोधायचा असतो. अनुदानातल्या वाहनाच्या रकमेतून दोन रिक्षा प्रयोग संपेपर्यंत थांबवून ठेवा. घडीची खुर्ची रिक्षात मागे मावते. बॅटरीची खुर्ची मावत नाही, तिच्यासाठी छोटा टेम्पो आणि दोन मजबूत फळ्या लागतात. नोंदणीच्या फोनवरच खुर्ची कोणती आहे ते विचारून घ्या.